वस्तीतल्या गरीब आजी-आजोबांना मानसोपचार, पुण्यात कुठे न्यायचं?

पर्वतीचा_किराणा:
नमस्कार मंडळी, जनता वसाहतीच्या खालच्या अंगाला माझं किराणा दुकान आहे. एक आजी येतात, सत्तरीच्या पुढच्या, जन्मभर धुणीभांडी केली, आजोबा गेल्यापासून झोप नाही जेवण नाही, सारखं अंग ठणकतं छाती धडधडते म्हणतात, ईसीजी काढला तर नॉर्मल. मुलगा रिक्षा चालवतो, त्याने एका प्रायव्हेट मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं होतं पण फी आणि गोळ्यांचं बिल बघून परत गेलाच नाही. येरवड्याच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं की आजी म्हणतात मी काय वेडी झाले का! अशा अजून दोघीतिघी आहेत आमच्याकडे. ७० वर्षांवरच्यांचं आयुष्मान कार्ड चालेल का याला?

निवृत्त_सिस्टर:
दादा, आयुष्मानचे ५ लाख ॲडमिट झाल्यावर, ओपीडी आणि महिन्याच्या गोळ्या त्यात नाहीत. आजींना ससूनच्या मानसोपचार ओपीडीला न्या, येरवड्याला जायची गरज नाही. चालू असलेल्या बीपी-शुगरच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या आणि थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन बघायला सांगा, त्यानेही माणूस असा मलूल होतो. या वयात उदासी रडण्यातून कमी आणि अंगदुखीतून जास्त बाहेर येते, म्हणून घरचे बाम चोळत बसतात. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, लोक आठ दिवसांत सोडतात. आणि मेडिकलमधून झोपेची गोळी परस्पर आणू नका, रात्री उठताना पडून खुब्याचं हाड मोडतं. "देवा आता उचल" असं म्हणत असतील तर हसण्यावारी नेऊ नका, जीव द्यायचे विचार येतात का ते सरळ विचारा. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येत नाही. हो म्हणाल्या तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी न्या.

कायद्याचा_किडा:
पिवळं कार्ड नाही म्हणून कोणी अडवलं तर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दाखवा, कलम १८. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला कार्ड असो नसो, सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या ठिकाणी मानसिक आजाराचा उपचार मोफत. खिडकीवरच्या माणसाला हे माहीत असेलच असं नाही, प्रिंट काढून न्या. शिवाय टेलीमानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोन हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट, मराठीत, रात्री-अपरात्री सुद्धा.

वडगावकर७७:
टेलीमानस चांगलंय हो, पण आजींना ऐकू कमी येतं, मोबाईल सुनेकडे आणि सून कामावर. ससूनलाही नेणार कोण? रिक्षावाल्याचा अर्धा दिवस म्हणजे त्या दिवसाची कमाई, एकदा नेईल, दर महिन्याला नाही नेणार. डॉक्टर आहेत हो पुण्यात, सोबतीला माणूस नाही. माझं म्हणणं, म्हातारी माणसं बीपीच्या गोळ्यांना मनपाच्या दवाखान्यात रांग लावतातच, तिथेच सिस्टरने झोप-भूक-मन याचे चार प्रश्न विचारावेत आणि उदासीच्या गोळ्याही तिथेच द्याव्यात.

टिळक_रोड_टाईमपास:
सिस्टरला आधीच छत्तीस रजिस्टरं आहेत, अजून एक द्या.

वडगावकर७७:
म्हणून तर वस्तीतलीच माणसं लागतात. आपल्या लॉ कॉलेज रोडच्या आयएलएस लॉ कॉलेजच्या मेंटल हेल्थ सेंटरने आत्मीयता नावाचा प्रकल्प केला, आधी नाशिकच्या पेठ तालुक्यात, मग गुजरातेत मेहसाण्याला, गावातल्याच लोकांना ऐकून कसं घ्यायचं आणि डॉक्टरकडे कधी पाठवायचं ते शिकवलं. झिंबाब्वेत तर २००६ पासून ट्रेनिंग घेतलेल्या आज्या दवाखान्याबाहेर बाकड्यावर बसून हेच करतात. आपल्याकडे विरंगुळा केंद्रं आहेत, बाकडी तर नगरसेवकांच्या नावाची चौकाचौकात!

टिळक_रोड_टाईमपास:
पण वस्तीत सांगितलेलं संध्याकाळपर्यंत नळावर पोचतं, त्याचं काय?

निवृत्त_सिस्टर:
हा मुद्दा बरोबर आहे. शेजारच्या गल्लीतली बाई ठेवा, आपल्या गल्लीतली नको. आणि गप्पांनी सगळं भागत नाही, विसरायला लागल्या, भास व्हायला लागले तर डॉक्टरच.

पर्वतीचा_किराणा:
खूप आभार सगळ्यांचे. मुलाशी बोललो, पहिल्यांदा तो नेतोय, पुढच्या वेळी माझी बायको जाईल, तिला तसंही महिन्याला माल आणायला नाना पेठेत जावं लागतं. आजींना "छातीच्या धडधडीचे डॉक्टर" असं सांगू का, की खरं सांगू?

निवृत्त_सिस्टर:
खरंच सांगा. "झोप आणि धडधड दोन्ही बघणारे डॉक्टर" म्हणा, ते खोटं नाही. फसवून नेलं तर दुसऱ्यांदा यायच्या नाहीत.