'स्टुडंट अफेअर्स'ला मराठीत काय म्हणावं?

मृद्गंध:
आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी भाचीचा लेख मराठीत आणतेय. ती ओहायोत 'हायर एज्युकेशन अँड स्टुडंट अफेअर्स'मध्ये मास्टर्स करते. दुसऱ्याच वाक्याला अडले. 'विद्यार्थी व्यवहार' लिहिलं तर सासूबाई म्हणाल्या, कुणाचे पैसे अडकलेत? 'विद्यार्थी प्रकरणे' तर थेट पोलीस चौकीत नेऊन बसवतं. सुचवा काहीतरी.

उंटावरचा_शहाणा:
विद्यार्थी कल्याण. विद्यापीठात याच नावाचं मंडळ होतं. विषय संपला.

तिरशिंगराव:
संपला कसा? कल्याण १९९४ च्या कायद्यातलं. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात 'विद्यार्थी विकास' झालंय. आणि दोन्ही इथे तोकडे पडतात. आपल्याकडे भूगोलाच्या प्राध्यापकाच्या गळ्यात विद्यार्थी विकास अधिकारीपद मारतात, तो युवक महोत्सव आणि कमवा-शिका सांभाळतो. तिकडे वसतिगृह, शिस्तभंग, नव्या मुलांची ओळखसत्रं या सगळ्याची पूर्णवेळ नोकरी असते आणि तिच्यासाठी वेगळी पदवी.

जुनी_पोथी:
'व्यवहार'ला नाकं का मुरडता? परराष्ट्र व्यवहार चालतो ना? धर्मशास्त्रात व्यवहार म्हणजे दावा, खटला. नीलकंठ भट्टांचा 'व्यवहारमयूख' काय वाण्याच्या हिशेबावर आहे? शिस्तभंगाची सुनावणी त्यात चपखल बसते.

मिशिगनकर:
मी याच क्षेत्रात आहे. आम्ही अभ्यासक्रमाला 'हेसा' म्हणतो, मराठी शब्दाची कधी गरज पडली नाही. मृद्गंधताई, शब्दापेक्षा लेखात हे येऊ द्या: मास्टर्स साधारण २ वर्षांचं, आधीची पदवी कोणत्याही विषयातली चालते, जीआरई ही प्रवेशपरीक्षा बऱ्याच ठिकाणी मागत नाहीत. विद्यार्थी विकासाचे सिद्धांत, समुपदेशन, कायदा असे विषय. सीएएस या उच्च शिक्षणातली मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेप्रमाणे देखरेखीखाली किमान ३०० तास प्रत्यक्ष काम. खरी गोम असिस्टंटशिपची. आठवड्याला २० तास काम, बदल्यात फी माफ आणि थोडा भत्ता. ती मिळाली नाही तर कर्ज काढून जाऊ नये असं माझं स्पष्ट मत, सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. पुढे डीन, उपाध्यक्ष व्हायचं तर बहुतेक ठिकाणी डॉक्टरेट बघतात.

उंटावरचा_शहाणा:
असिस्टंटशिप म्हणजे कमवा व शिकाच की!

तिरशिंगराव:
नाही हो. कमवा-शिकाचा मुलगा बागेला पाणी घालतो नाहीतर ग्रंथालयात पुस्तकं लावतो. असिस्टंटशिपवाला जे शिकतो तेच काम करतो. 'उमेदवारी' म्हणा.

जुनी_पोथी:
उमेदवारी म्हटलं की आता तिकीटच आठवतं. विद्यार्थी-संगोपन कसं वाटतं?

मृद्गंध:
वीस वर्षांच्या घोड्यांचं संगोपन? अमेरिकेत १९६१ च्या डिक्सन खटल्यानंतर (सरकारी कॉलेजने सुनावणीशिवाय मुलांना काढायचं नाही, असा निकाल) कॉलेजने पालकाच्या थाटात वागणंच मोडीत निघत गेलं, भाचीने त्यावर अख्खा परिच्छेद लिहिलाय. बरं, 'हॉल डायरेक्टर'ला काय म्हणू? हे लोक पदवी घेऊन, पगारावर मुलांच्या वसतिगृहातच राहून ते सांभाळतात.

ढब्बू_मिरची:
रेक्टर! आमच्या होस्टेलचे रेक्टर लुंगीत राउंडला यायचे. दहानंतर दिवा दिसला की मेसबंदी.

जुनी_पोथी:
रेक्टर आपलाच म्हणायचा. लॅटिन 'रेगेरे', संस्कृत 'राजन्', 'ऋजु', सगळी एकाच मुळाची पोरं.

ढब्बू_मिरची:
आमचे ऋजु नव्हते.

मांडवीकाठ:
काय चाललंय हे! गोव्यात रेक्टर म्हणजे सेमिनरीचा, पाद्री घडवणाऱ्या विद्यालयाचा प्रमुख. राशोलच्या रेक्टरना तुम्ही मेसबंदीला लावणार? युरोपात तर विद्यापीठाचा मुख्यच रेक्टर असतो. तुम्ही पुण्यामुंबईवाल्यांनी त्याला होस्टेलात आणून बसवलं.

उंटावरचा_शहाणा:
बसवलं ते बसवलं. पन्नास वर्षं मुलं तेच म्हणताहेत, आता तोच अर्थ.

मांडवीकाठ:
मग कुलगुरूंना काय म्हणणार, वॉर्डन?

तिरशिंगराव:
वॉर्डन मुलींच्या होस्टेलला असते. मुलांच्या रेक्टर. निदान कोल्हापुरात तरी.

ढब्बू_मिरची:
सांगलीत उलटं होतं.