मदत हवी आहे: दोडामार्गातल्या सीपी असलेल्या मुलाची थेरपी, शाळा आणि कागदपत्रं यांची सांगड कशी घालावी?

नमस्कार. मी डोंबिवलीत राहते, प्रश्न माझ्या भाच्याचा आहे. भाऊ-वहिनी दोडामार्ग तालुक्यातल्या एका वाडीत राहतात. काजूची बाग आणि थोडी भातशेती आहे. मुलगा आठ वर्षांचा. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (सीपी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नसणं), चारही हातापायांत ताठरपणा, डावीकडे जास्त. मान सावरतो, टेकून बसतो, उभं करायचं तर पायात स्प्लिंट (पायाला आधार देणारा साचा) आणि कुणीतरी धरायला लागतं. बोलतो मोजकंच, पण समज चांगली आहे. अंगणात येणारी स्कूटर काकांची की पोस्टमनची, हे नुसत्या आवाजावरून ओळखतो.

उपचार मिळतच नाहीत असं नाही. मिळतात ते चार दिशांना. फिटचं औषध गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयातून चालू आहे. फिजिओ म्हापशाला, तेही गोव्यातच, खाजगी, कारण दोडामार्गाहून म्हापसाच जवळ. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडीचं (दिव्यांगांच्या ओळखपत्राचं) काम जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसला, म्हणजे बांदा, सावंतवाडी, कुडाळ पार करून. स्प्लिंट कोल्हापूरला बनवला. शाळा वाडीतली, जिल्हा परिषदेची. तिथल्या बाई त्याला अगदी आपलेपणाने घेतात, गटसाधन केंद्रातले (शिक्षण विभागाच्या तालुका केंद्रातले) विशेष शिक्षकही मधूनमधून येऊन जातात.

पण यातल्या कुणालाच दुसऱ्याचं ठाऊक नसतं. मध्यंतरी फिटच्या सिरपचा डोस वाढवला आणि पोरगं वर्गात पेंगायला लागलं. बाईंना वाटलं आजारी आहे. फिजिओंना वाटलं ताकद कमी झाली, म्हणून त्यांनी व्यायाम बदलले. डोस वाढलाय हे दोघांनाही कळलंच नव्हतं. हे सगळं जोडून ठेवणारी एकटी वहिनी. ती बारावी शिकलेली आणि हुशार आहे, पण घर, बाग, सासूबाईंचं दुखणं आणि वर हे. परवा फोनवर म्हणाली, "माका एक असो माणूस व्हयो, ज्येका सगळां म्हायत आसा." त्या माणसाच्या शोधातच हा धागा काढते आहे.

आत्ताच्या अडचणी सांगते. स्प्लिंट लहान झालाय, टाच वर उचलली जाते आणि घोट्यावर लाल वळ उठतो. तो शाळेतून आल्यावर दिसतो आणि रात्रीपर्यंत तसाच असतो. दुसरं, पेज व्यवस्थित गिळतो, पण पाणी पिताना ठसका लागतो. तिसरं, प्रमाणपत्र तात्पुरतं आहे, मुदत संपत आली. तो अगदी लहान असताना काढलं म्हणून त्यात फक्त हातापायांची टक्केवारी आहे, बोलण्याची आणि समजेची तपासणी राहिलेली आहे.

गोव्यात घेतलेल्या थेरपीचा खर्च कुठल्या योजनेतून मिळू शकतो का? गोवा सरकारच्या योजना तिथल्या रहिवाशांसाठी आहेत आणि आमचं रेशनकार्ड सिंधुदुर्गातलं. बसायची खास खुर्ची कुठे मिळेल? थेरपीच्या दिवशी शाळा बुडते, त्याचं काय करावं? आणि बांदा-सावंतवाडी भागात घरी येणारे थेरपिस्ट कुणाला माहीत आहेत का?

थेरपिस्ट_कोल्हापूर:

ताई, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. सगळ्यात आधी ठसका. पाण्यासारखं पातळ लवकर घसरतं आणि श्वासनलिकेकडे जाऊ शकतं, पेज दाट असल्याने सावकाश उतरते. त्यामुळे ही तक्रार डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडे चिठ्ठी मागा. वारंवार कफ किंवा न्यूमोनिया होत असेल तर अजिबात थांबू नका. तोवर आडवा असताना पाणी देऊ नका. पाठ-मान सरळ, हनुवटी किंचित खाली, आणि एकेक छोटा घोट.

स्प्लिंट काढल्यावर वीस-तीस मिनिटांत लाली गेली तर ठीक. तुम्ही म्हणता रात्रीपर्यंत राहते, म्हणजे तो आता घालायचाच नाही, कातडी फाटेल. नवीन माप घ्यावं लागेल. वाढत्या वयात स्प्लिंट लवकर लहान होतात, यात कुणाची हयगय नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण खुब्यांचा एक्स-रे कधी काढलाय? जी मुलं स्वतः चालत नाहीत त्यांचा खुबा हळूहळू सरकतो आणि सुरुवातीला दुखतही नाही. सहा महिने ते वर्षाने एक्स-रे बघायला हवा. बऱ्याचदा हा तपास राहून जातो, कारण फिजिओला वाटतं डॉक्टर बघतील आणि डॉक्टरांना वाटतं हाडांचे बघतील.

निशिगंध_कणकवली:

माझी मुलगी तेरा वर्षांची, तिलाही सीपी आहे. तुमच्या वहिनींचं वाक्य वाचून गलबलून आलं. खरं सांगते ताई, असा सगळं माहीत असलेला माणूस मला अजून मिळाला नाही. पण एक वही मिळाली. जाड वही, पहिल्या पानावर निदान, चालू औषधं, डोस कधी बदलला, फिट कधी आली. पुढे प्रत्येक ठिकाणी जो तपासेल त्याच्याकडून दोन ओळी लिहून घ्यायच्या, अगदी शाळेच्या बाईंकडूनही. सुरुवातीला लोक "रिपोर्ट आहे ना" म्हणतात. मी हट्टाने लिहून घेते.

खर्चासाठी निरामय बघा. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा आहे, त्याखाली ही आरोग्यविमा योजना चालते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण आहे आणि त्यात थेरपीसाठीही रक्कम राखलेली असते. योजना केंद्राची असल्याने उपचार गोव्यात घेतले तरी चालतं. आधी पैसे भरायचे, मग बिलं लावून मागायचे. म्हणून म्हापशाच्या फिजिओंकडून तारीख, शिक्का, सही असलेली पावती प्रत्येक वेळी घ्या. नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, ते विसरू नका.

एसटीत त्याला ७५ टक्के सवलत आहे, ती घेताय ना?

समाजकल्याण_निवृत्त:

प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाला जाल तेव्हा फक्त मुदत वाढवून परत येऊ नका. बोलणं आणि बौद्धिक तपासणीही करायची आहे असं अर्ज करतानाच सांगा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात बहुविकलांगता वेगळी धरली आहे. पुढे शाळा आणि परीक्षेच्या सवलती मागताना पूर्ण नोंद असलेलं प्रमाणपत्रच कामी येतं.

खुर्ची आणि स्प्लिंटसाठी केंद्राची एडिप योजना आहे, तिच्यातून दिव्यांगांना साधनं मिळतात. अलिम्को ही कानपूरची सरकारी कंपनी मापं घ्यायला शिबिरं लावते. एकदा साधन घेतलं की पुन्हा तीन वर्षं मिळत नाही असं सगळीकडे सांगतात, पण १२ वर्षांखालच्या मुलांना ती अट एका वर्षाचीच आहे. शिबिर कधी आहे ते जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात विचारा. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. भावाला ग्रामसभेत लेखी अर्ज द्यायला सांगा आणि पोच घ्यायला सांगा. तोंडी मागणी कागदावर येत नाही.

शाळेचं म्हणाल तर ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तीव्र किंवा बहुविकलांगता असेल तर घरी शिक्षण घेण्याचाही हक्क शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आला. पण तो शाळेत रमतो असं दिसतं. घरचं शिक्षण थेरपीच्या दिवसांपुरतंच मागा, शाळा सोडवू नका. विशेष शिक्षकांना सांगून उभं राहण्याचा व्यायाम वर्गातच बसवता येतो का ते पाहा.

धागाकर्ती:

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. स्प्लिंट कालच काढून ठेवायला सांगितला. खुब्याचा एक्स-रे कधी काढल्याचं वहिनीला आठवत नाही, म्हणजे तो आता पहिला. या आठवड्यात भाऊ त्याला ठसक्यासाठी दाखवणार आहे, त्याच खेपेत एक्स-रेची चिठ्ठी मागेल.

वही सुरू झाली. पहिलं पान मी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून बोलून वहिनीकडून लिहून घेतलं. दुसऱ्या पानावर शाळेच्या बाईंनी लिहिलंय: "दुपारी साडेबारानंतर झोपाळतो, सकाळी गाणी म्हणताना टाळी देतो." सिरपची वेळ बदलता येईल का, हे याच नोंदीवरून डॉक्टरांना विचारणार आहोत. निरामयचा अर्ज मी इथून भरते, कागद भाऊ पाठवतोय.

राहिला घरी येणाऱ्या थेरपिस्टचा प्रश्न. महिन्यातून एकदा जरी कुणी प्रत्यक्ष येऊन बघितलं आणि मधल्या काळात व्हिडिओवर व्यायाम तपासले, तरी म्हापशाच्या फेऱ्या कमी होतील. बांदा, सावंतवाडी किंवा गोव्याच्या दोडामार्गाकडच्या बाजूला असं कुणी माहीत असेल तर कृपया मला निरोप करा. नंबर उघडपणे लिहू नका.