बाटलीवर वय लिहिलेलं नाही, म्हणजे गडबड असते का?

सिडकोकर
मंडळी, एक शंका. माझ्या सासऱ्यांची, मी त्यांना मामाच म्हणतो, पुढच्या महिन्यात पंचाहत्तरी आहे. आयुष्यभर संध्याकाळी एकच पेग आणि तोही स्कॉचच. म्हटलं यावेळी काहीतरी वेगळं द्यावं, तर कॉलेज रोडच्या दुकानात त्याने अमृत फ्यूजन पुढे केली, बंगळूरची सिंगल माल्ट व्हिस्की. किंमत ऐकून घाम फुटला आणि बाटली उलटीपालटी करून बघितली तर १२ वर्षं १५ वर्षं असं कुठेच काही नाही. शेजारीच साधारण तेवढ्याच पैशात १२ वर्षांची स्कॉच होती. मामा बाटली हातात घेतली की आधी वय बघतात, मला मुलगी देताना पगार पण एवढा बारकाईने बघितला नव्हता. काय करू?

सेलरवाला
मी इथे नाशिकच्याच एका वायनरीत सेलरला आहे, म्हणजे वाइन मुरवायच्या कोठारात, पिंपांशी रोजचा संबंध. ओकच्या लाकडातून माल हळूहळू उडत असतो. आमचं सेलर एसी लावून थंडगार, तरी काही आठवड्यांनी बूच काढलं की वर दोन बोटं जागा रिकामी दिसते, मग आम्ही दुसरी वाइन घालून भरून काढतो, टॉपिंग म्हणतो त्याला. व्हिस्कीत ही भानगड नाही, भरली ती भरली, आणि गोदामाला एसी पण नसतो. स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला साधारण २ टक्के उडते, बंगळूरला १० ते १२. हिशोब करा, २०० लिटरच्या पिंपात ११ टक्क्यांनी ४ वर्षांत उरते १२५ लिटर, तिकडे १२ वर्षांनी पण १५७ उरते. या उडालेल्या मालाला ते लोक एंजल्स शेअर म्हणतात, देवदूतांचा वाटा. आपल्याकडचे देवदूत जरा जास्तच पिणारे, अमृतवाल्यांनी २०१३ ला ८ वर्षांची काढली तिचं नावच ग्रीडी एंजल्स, म्हणजे हावरे देवदूत, ठेवलं. पण ज्या उष्णतेने उडते त्याच उष्णतेने लाकडाचा रंग आणि वास पण भराभर उतरतो, इथे साध्या पिंपात १२ वर्षं ठेवली तर बहुतेक लाकडाचा काढाच प्यावा लागेल, म्हणून इथे लवकर बाटलीत भरतात.

तर्रीबाज
सेलरवाले भाऊ एकदम बरोबर. मामांना मात्र मिसळीवरून समजवा. माल्ट म्हणजे मोड आलेली बार्ली, आपण मटकी भिजवून मोड काढतो तसंच, फक्त मोड जरा फुटला की भट्टीत वाळवून थांबवतात. स्कॉटलंडात काही जण भट्टीत पीट जाळतात, दलदलीतली वाळवलेली माती, तो धूर बार्लीत मुरतो. फ्यूजनमध्ये २५ टक्के अशी धुरकट बार्ली स्कॉटलंडहून आणतात आणि ७५ टक्के आपल्याकडची साधी, म्हणून नाव फ्यूजन. आणि सिंगल म्हणजे एका पिंपाची नव्हे, एका डिस्टिलरीची, म्हणजे दारू गाळायच्या एकाच कारखान्याची. भारतीय म्हटल्यावर लोक नाक मुरडतात ते मळीच्या स्पिरिटवाल्या स्वस्त मालामुळे, युरोपात तो व्हिस्की म्हणून विकताच येत नाही. अमृतने आपली सिंगल माल्ट २००४ ला आणली ती थेट ग्लासगोत, म्हणजे पंढरपुरात जाऊन बुक्का विकण्यातला प्रकार! आणि जिम मरे नावाच्या इंग्रज समीक्षकाने २०१० साठी फ्यूजनला जगात तिसरा नंबर दिला. ५० टक्के अल्कोहोल आहे बरं का, थोडं पाणी घालायला सांगा.

उगाचशंका
देवदूत वगैरे ठीक आहे हो, पण वय लिहायचं तर बाटलीतल्या सगळ्यात कोवळ्या मालाचं लिहावं लागतं, आणि ४ लिहिलं तर घेणार कोण? फसवणूक म्हणत नाही मी, पण धंदा आहे. बाकी नाशिककर असून बंगळूर कशाला, आपल्या दिंडोरीतच पर्नो रिकार्ड या फ्रेंच कंपनीची लाँजिट्यूड ७७ सिंगल माल्ट बनते, २०२२ ला आली, आधी बर्बनच्या, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपात मुरवतात आणि मग वाइनच्या. नाव ७७ रेखांशाचं आणि नाशिक बसलंय ७४ च्या पण अलीकडे, ते एक सोडून द्या 😄

सिडकोकर
अपडेट. फ्यूजनच घेतली. मामांनी चष्मा लावून वय शोधलं, मग मी मोड आलेल्या मटकीपासून सुरुवात केली तर मामी म्हणाल्या एवढं आहे तर मिसळच खा की. पाण्याचं सांगायच्या आत त्यांनी नेहमीसारखा घोट घेतला आणि जो ठसका लागला! मग दोन चमचे पाणी घालून निवांत संपवला, बोलले काहीच नाहीत. बाटली कपाटात स्कॉचच्या मागे ठेवलीय. आवडली नाही म्हणून मागे की पाहुण्यांना दिसू नये म्हणून, ते अजून कळलेलं नाही.