सावंतवाडीची बाजारपेठ : कौलं राखायची की स्लॅब घालायचा?

मोतीतळ्याकाठी : मे महिन्यात चितार आळीत गेलो होतो. पांगाऱ्याच्या लाकडाची शोभेची फळं घेतली आणि मान वर केली, तर कौलांच्या जागी चकचकीत फलक. माझं म्हणणं एवढंच, की निदान दर्शनी भाग ठेवा. खालचा ओटा, फळ्यांचं दार, वर लाकडी कठड्याची माडी. मागे हवं ते बांधा. गोव्याला जाणारी गाडी आता झाराप-पत्रादेवी रस्त्याने गावाला वळसा घालूनच जाते. आत यायला कारण तर हवं!

चिरेबंदी : तुम्ही मे महिन्यात येता, आम्ही आषाढात राहतो. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. माझ्या पेठेतल्या दुकानाचं भाडं महिना ८० रुपये, आजोबांच्या वेळचा भाडेकरू. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा वर्षाला ४ टक्के वाढ देतो, म्हणजे ३ रुपये २० पैसे. यात वाळवी लागलेला वासा बदलून दाखवा.

गल्ल्यावरून : भाडं सांगितलंत, गाळा देताना एकरकमी घेतलेली पागडीही सांगा की! ती त्याच कायद्याने मान्य केलीय. दुरुस्ती मालकाने करायची असते. नाही केली, तर नोटीस देऊन आम्ही भाडेकरूंनी करायची आणि भाड्यातून कापून घ्यायची, अशीही सोय आहे.

चिरेबंदी : ८० रुपयांतून कापा. नातवापर्यंत फिटेल.

गल्ल्यावरून : हसा. पण जुनं पाडलं की नव्यात गाळा कधी मिळेल, याची खात्री कोण देतो? म्हणून आम्ही गळक्या छपराखाली बसतो. खरं सांगू, पेठेत जी माडी उभी आहे ना, ती वारशाच्या प्रेमाने नाही, आमच्या भांडणाने उभी आहे.

नळेवाला : पैशे सोडा. कौलां परतूक माणूस खंय गावता? पोरां गोव्याक हॉटेलात गेली. पत्रो घातलो तर तुमी नाक मुरडतास.

पणजीकर : आमच्या पणजीतल्या फोंतेन्यास या जुन्या वस्तीत घरांत पाहुण्यांच्या खोल्या केल्या, घरं टिकली.

मोतीतळ्याकाठी : ती राहती घरं, इथे बारा फुटी गाळे. भाड्याचं गणित मी धरलंच नव्हतं, हे कबूल. पण वारसा यादीत घातलं तर टीडीआर, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसऱ्याला विकायचा कागद, मिळू शकतो ना?

चिरेबंदी : मुंबईत त्याला गिऱ्हाईक आहे. सावंतवाडीत तो कागद घेणार कोण? आणि "मागे हवं ते बांधा" म्हणालात. बारा फुटांत जिना कुठे काढू तेवढं सांगा, उद्याच नकाशा घेऊन नगरपरिषदेत जातो.