दादाचं एलडीएल १०८ होतं तरी अ‍ॅटॅक आला. मी कोणता आकडा धरायचा?

रहिमतपूरकर:
नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात थोरल्या भावाला अ‍ॅटॅक आला. वय ४६. तंबाखू नाही, दारू नाही, पहाटे उठून धारा काढणारा माणूस. छातीत जळजळतंय म्हणून दोन दिवस सोडा पीत राहिला. साताऱ्याला नेलं, एक स्टेंट टाकला. तिसऱ्या दिवशीच्या रिपोर्टात एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, १०८. भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा तेच विचारतोय, कोलेस्टेरॉल नॉर्मल होतं, मग झालं कसं?

वहिनीने मागे लागून माझंही रक्त तपासायला लावलं. वय ४१, शुगर नाही. टोटल कोलेस्टेरॉल १८८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४५, एचडीएल (चांगलं म्हणतात ते कोलेस्टेरॉल) ३४, एलडीएल १०५. लॅबमध्ये म्हणाले, "विशेष काही नाही." पण रात्री झोप लागत नाही. जाणकारांनी कृपया सांगा.

सीरमवाली:
भाऊ, मी २२ वर्षं लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आधी दादांचं. अ‍ॅटॅकनंतर एका-दोन दिवसांत रक्तातलं कोलेस्टेरॉल आपोआप खाली येतं, वर दवाखान्यात गेल्या गेल्या स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, सुरू झालेलं असतं. म्हणून तिसऱ्या दिवशीचे १०८ हे त्यांचं नेहमीचं एलडीएल धरू नका. घरी वर्षा-दोन वर्षांपूर्वीचा एखादा रिपोर्ट असेल तर शोधा.

आता तुमचं. रिपोर्टात एलडीएलपुढे बारीक अक्षरात 'कॅल्क्युलेटेड' छापलंय का बघा. बहुतेक असेलच, कारण १८८ मधून ३४ वजा केले, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग म्हणजे ४९ वजा केले, की बरोबर १०५ उरतात. हे फ्रिडवाल्ड यांचं १९७२ चं सूत्र. ट्रायग्लिसराइड वाढत जातं तसं ते चुकायला लागतं आणि ४०० च्या पुढे तर वापरतच नाहीत. इतक्या ट्रायग्लिसराइडच्या रक्ताची ट्यूब सेंट्रिफ्यूजमधून (गरगर फिरवायच्या मशीनमधून) काढली की वरचं सीरम पिवळसर नितळ दिसायच्या जागी सायीच्या दुधासारखं दिसतं. मी अशी ट्यूब हातात घेते तेव्हा आधी नाव आणि वय वाचते. हल्ली पस्तिशीतली पोरं खूप असतात हो.

तुम्ही टोटलमधून एचडीएल वजा करा. १५४. हे नॉन-एचडीएल, तुमच्यासारख्याने हेच धरायचं. कारण सांगते. काट्यावर ऊस किती टन आला ते कळतं, गाड्या किती आल्या ते कळत नाही. एलडीएल म्हणजे ते टन. ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी असलं की कोलेस्टेरॉल वाहणारे एलडीएलचे कण लहान होतात, म्हणजे तेवढाच माल जास्त गाड्यांतून येतो, आणि शिरेच्या भिंतीत शिरतात त्या गाड्या. अ‍ॅपो-बी नावाची तपासणी गाड्याच मोजते, एका कणावर एकच अ‍ॅपो-बी असतं. जमलं तर तीही करा. आपल्या लोकांत हाच नमुना जास्त दिसतो.

सख्ख्या भावाला ५५ च्या आत अ‍ॅटॅक आलाय, हे फिजिशियनला पहिल्या वाक्यात सांगा. त्यामुळे तुमच्या १०५ चा अर्थ बदलतो. थायरॉइड आणि तीन महिन्यांची शुगरही बघून घ्या.

कोथरूडचा काका:
लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तातला एलडीएलसारखाच एक कण, कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. ते नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये नसतं, वेगळं सांगावं लागतं. माझं ९२ मिलिग्रॅम निघालं, ५० च्या वर धोका धरतात. धाकट्या बहिणीचंही जास्त आहे. हे आईवडिलांकडून येतं, तेल-तूप सोडलं तरी फारसं हलत नाही, स्टॅटिननेही उतरत नाही. म्हणून माझ्या डॉक्टरांनी एलडीएल ७० च्या खाली आणून ठेवलंय. आयुष्यात एकदा केली तरी पुरते. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानेही २०२४ मध्ये प्रत्येकाने ती एकदा करावी असंच सांगितलंय.

रहिमतपूरकर:
ताई, काका, मनापासून आभार. कपाटात दादाचा दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट सापडला, विम्यासाठी काढलेला. एलडीएल १६१. कुणी वाचलाच नव्हता. सोमवारी दोघांचंही लायपोप्रोटीन-ए देतोय.

सीरमवाली:
दादांची मुलं केवढी आहेत?

रहिमतपूरकर:
मुलगी १७, मुलगा १२.

सीरमवाली:
सोमवारी त्यांनाही घेऊन जा. उपाशी ठेवू नका, साध्या लिपिडला आता त्याची गरज नसते.