मदत हवी आहे: रेशमाच्या फिल्मवरचे सूक्ष्म चर मिथेनॉलशिवाय पक्के कसे करायचे?

नमस्कार मंडळी,

मी इंदूरला बी.एस्सी.च्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. इथल्या आरआरकॅट या संशोधन केंद्रात इंडस-2 या सिंक्रोट्रॉनवर (क्ष-किरण देणारं मोठं यंत्र) क्ष-किरण लिथोग्राफीची, म्हणजे किरणांनी सूक्ष्म नक्षी उमटवण्याची, बीमलाइन आहे, आणि याच गावातल्या मुलांनी मायक्रॉनच्या मापाची नक्षी फक्त पुस्तकात बघायची, हे मला पटत नाही. पण नेहमीची पद्धत कॉलेजात नकोच. किरण पडलेला थर (रेझिस्ट) धुऊन नक्षी उघडी करायला, म्हणजे डेव्हलपर म्हणून, वापरतात ते टीएमएएच हे रसायन अंगावर सांडलं तर जिवावर बेतू शकतं, आणि आमचं बेसिन शेवटी गटारालाच जोडलेलं आहे.

म्हणून रेशीम घेतलं. 2014 साली अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या गटाने रेशमातलं फायब्रॉइन हे प्रथिन रेझिस्ट म्हणून आणि डेव्हलपर म्हणून निव्वळ पाणी वापरून इलेक्ट्रॉन झोताने नॅनो मापाच्या आकृत्या काढल्या होत्या. इलेक्ट्रॉन झोत आम्ही कुठून आणणार? आमचा साचा म्हणजे जुनी सीडी. तिच्या चरांमधलं अंतर 1.6 मायक्रॉन असतं. तिचा चकाकता थर सोलून उघड्या चरांवर पीडीएमएस (सिलिकॉन रबर) ओतलं, की रबराचा साचा तयार.

महेश्वरच्या एका विणकरकाकांनी न रंगवलेलं तुतीचं रेशीम दिलं. (तसर घेऊ नका, ते सहजी विरघळत नाही.) सोडियम कार्बोनेटमध्ये उकळून सेरिसिन (रेशमावरचा डिंकासारखा थर) काढलं. रेशीम विरघळवायचं लिथियम ब्रोमाइड महाग, म्हणून कॅल्शियम क्लोराइड, इथेनॉल आणि पाण्याच्या मिश्रणात विरघळवलं, मग डायलिसिस करून क्षार काढले. हे द्रावण साच्यावर ओतून वाळवलं, की चर उमटलेली फिल्म अलगद सुटते. 650 नॅनोमीटरचा लाल लेझर टाकला की चरांमुळे वळलेल्या प्रकाशाचा पहिला ठिपका 24 अंशांच्या आसपास पडतो. गणितही तेच सांगतं. मुलांचे चेहरे बघायला हवे होते!

अडचण पुढे आहे. ही फिल्म पाण्यात विरघळते. ती पक्की, म्हणजे पाण्यात न विरघळणारी, करायला मिथेनॉल वापरतात, आणि मला तेच टाळायचंय. डेसिकेटरमध्ये (हवाबंद भांड्यात) तळाला पाणी ठेवून, हवा काढून वाफेवर ठेवली, तर फिल्म पक्की होते, पण ठिपका फिकटतो आणि कडा वळतात. पावसाळ्यात तर जास्तच.

फिल्म साच्यावरून न काढताच वाफ दिली तर? पीडीएमएसमधून पाण्याची वाफ आरपार जाते, त्यामुळे जमावं असं वाटतं. कुणी केलंय का? तापमान वाढवलं की बीटा-शीट (फिल्म पक्की करणारी प्रथिनाची घट्ट रचना) वाढतात, पण गरम वाफेत चर आणखी बसतील अशी धास्ती आहे. किती अंशांवर, किती तास ठेवता? आणि कायटोसान (कोळंबीच्या कवचापासून मिळणारा पदार्थ) व्हिनेगरमध्ये विरघळवून अशाच साच्यावर कुणी ओतलं असेल, तर त्याचे चर ओलाव्यात टिकतात का, तेही कृपया सांगा.