सकाळी डोळे सुजतात त्याबद्दल

तुम्ही लिहिलंय की झोप नीट होते तरी सकाळी डोळ्यांखाली सूज असते आणि दुपारपर्यंत उतरते, तर आधी रात्रीचं जेवण बघा. आडवं पडल्यावर अंगातलं पाणी चेहऱ्याकडे सरकतं, डोळ्यांभोवतीची कातडी एकदम पातळ म्हणून तिथे लगेच दिसतं, त्यात मीठ जास्त गेलं असेल तर अजूनच. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा मीठ हवं, आणि आपलं पापड, लोणचं, फरसाण, सुकट यातच ते संपतं. उशी जरा उंच घ्या, उठल्यावर गार पाण्यात पिळलेला रुमाल दहा मिनिटं ठेवा. काकडीनेही बरं वाटतं, पण काम गारव्याचंच असतं.

खाज असेल तर बहुतेक अ‍ॅलर्जी. परळच्या आमच्या जुन्या खोलीत पावसाळ्यात भिंतीला बुरशी धरायची आणि मी डोळे चोळून चोळून लाल करायचे, पलंग भिंतीपासून लांब घेतला, उशीचे अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात धुतले तेव्हा कुठे फरक पडला.

पण एक कळकळीने सांगते, आईचे डोळे असेच सुजायचे, आम्ही जागरण म्हणून सोडून दिलं, मग पायावर बोट दाबलं की खड्डा राहायला लागला, लघवीला फेस यायचा. तपासणीत लघवीतून प्रोटीन जात होतं, किडनीचा त्रास निघाला. असं काही असेल तर लघवीची, क्रिएटिनिनची (किडनी नीट काम करते का ते कळणारी रक्ताची) आणि थायरॉइडची तपासणी करून घ्याच. एकच डोळा लाल होऊन सुजला, दुखतोय, ताप आहे तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.